लिमिट ५० हजार, वस्तू ७४ हजारांची: कार्डात आधी पैसे भरून खरेदी कशी करायची

कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, खात्यात पडला की आमच्याकडे खरेदीचे दिवस सुरू होतात. घाटंजी-पांढरकवडा रस्त्यावरच्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, केवायसी, लाइटबिल अशी कामं दिवसभर चालतात. एका संध्याकाळी गावातले एक काका आले आणि टेबलावर क्रेडिट कार्ड ठेवलं.

"भाऊ, पोरीले लॅपटॉप घ्याचा हाये. दुकानदार म्हणते या कार्डावर घेतला तं सहा हजार सूट भेटते. पण लॅपटॉप सूट धरून चौऱ्याहत्तर हजाराचा अन् कार्डात पन्नासच हजार हायेत. मंग कसं कराव?"

पोरगी अमरावतीला इंजिनिअरिंगला लागली होती. पैशाची अडचण नव्हती. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव होता, काकांनी सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर माल घातला होता आणि चुकारा बँकेत आला होता. सूट फक्त त्या कार्डावर होती, एवढाच पेच होता.

यावर उपाय आहे. कार्डावर जेवढं देणं आहे त्यापेक्षा जास्त पैसे आधीच भरून ठेवायचे. जास्तीचे पैसे कार्डावर तुमच्या नावे जमा दिसतात आणि तेवढी मोठी खरेदी होऊ शकते. पण यात पैसे तुमचे स्वतःचे जातात आणि अडकले तरी तुमचेच अडकतात. म्हणून सांगतो तसं क्रमाने करा. बँकेला विचारल्याशिवाय पैसे भरू नका, आणि भरलेले पैसे कार्डावर दिसल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

कार्डात पैसे नसतात, हे आधी पक्कं करा

"कार्डात पन्नास हजार हायेत" असं काका म्हणाले. माझ्याकडे येणारे बहुतेक जण असंच म्हणतात. कार्डात काहीच नसतं. ५०,००० म्हणजे बँक तुम्हाला एका वेळी जास्तीत जास्त तेवढं उधार द्यायला तयार आहे. खर्च केला की उधारी चढते, बिल भरलं की उतरते. उधारी पूर्ण उतरल्यावरही तुम्ही पैसे भरलेत तर हिशेब उलटा होतो आणि बँक तुमचं देणं लागते. स्टेटमेंटमध्ये अशा रकमेपुढे 'सीआर' लिहिलेलं असतं किंवा आधी वजा चिन्ह असतं. ते पाहून काही जण घाबरतात, थकबाकी राहिली असं त्यांना वाटतं. उलट आहे, तो तुमचा जमा पैसा आहे.

आमच्या भागात आणखी एक गोंधळ होतो. गावात 'क्रेडिट कार्ड' म्हटलं की अर्ध्या लोकांच्या डोळ्यापुढे किसान क्रेडिट कार्ड येतं. ती योजना १९९८ ची, पीककर्जाची. ते खातं आणि त्याचे नियम पूर्ण वेगळे आहेत. हा लेख दुकानात स्वाईप करायच्या साध्या क्रेडिट कार्डाबद्दल आहे. आणि चुकाऱ्याच्या पैशातून लॅपटॉप घेणार असाल तर मी आधी विचारतो, पीककर्जाचा भरणा झाला का? ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्र सरकारची सूट आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते शून्य टक्क्याने पडतं. भरणा चुकला तर ही सवलत जाते. सहा हजारांच्या सुटीसाठी ती घालवू नका.

आमच्याकडे बऱ्याच जणांची कार्डं एफडीवर मिळालेली असतात. शेतकऱ्याकडे पगारपत्रक नसतं, म्हणून बँक एफडी ठेवून घेते आणि सहसा तिच्या ७५ ते १०० टक्के इतकं लिमिट देते. काकांचं कार्डही असंच होतं. त्यामुळे लिमिट लहान असते आणि मोठ्या खरेदीच्या वेळी हा प्रश्न हमखास येतो.

खरंच हे करायची गरज आहे का

आधी सोपे रस्ते पाहा. समोरचं दुकान असेल तर विचारा, ३५ हजार कार्डावर आणि बाकी यूपीआयने चालेल का. बहुतेक दुकानदार हो म्हणतात. सूट किमान अमुक रकमेच्या स्वाईपवर असेल आणि तेवढं तुमच्या लिमिटमध्ये बसत असेल, तर काम तिथेच झालं. मात्र सूट पूर्ण रक्कम त्याच कार्डावर घेतल्यावरच मिळणार असेल, किंवा ऑनलाइन खरेदी असून पैसे दोन ठिकाणांहून भरायची सोय नसेल, तर पुढचं वाचा.

दुसरा रस्ता म्हणजे लिमिट वाढवून मागणे. तुमच्या संमतीशिवाय बँक लिमिट वाढवू शकत नाही, पण तुम्ही मागितली तर विचार करते. एफडीवरचं कार्ड असेल तर एफडी वाढवली की लिमिट वाढते. घाई नसेल तर मला हाच रस्ता जास्त आवडतो, कारण त्या एफडीवर व्याज तरी मिळतं. कार्डात जास्त भरलेल्या पैशावर एक रुपयाही व्याज मिळत नाही.

तिसरी गोष्ट 'ओव्हरलिमिट'. लोक ती आणि हा उपाय एकच समजतात. ओव्हरलिमिटमध्ये बँक स्वतःचे पैसे लिमिटच्या वर वापरू देते आणि त्याचं शुल्क घेते. ते सहसा वरच्या रकमेच्या अडीच टक्के असतं, किमान पाच-सहाशे, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. २४,००० वर गेलात तर ६०० अधिक १०८, म्हणजे ७०८ रुपये. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे तुमची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय बँकेला ही सोय चालू करता येत नाही. ॲपमध्ये ती चालू दिसली आणि तुम्हाला नको असेल तर बंद करा. आपले स्वतःचे पैसे आधी भरले की हे शुल्क लागायचं कारण राहत नाही.

बँकेला आधी विचारा

ही पायरी कोणीच करत नाही आणि घोटाळा इथेच होतो. प्रत्येक बँकेचं धोरण वेगळं आहे. काही बँका जास्तीचे पैसे घेतात आणि तेवढी खरेदी करू देतात. काही घेतात, पण एका मर्यादेपर्यंतच. काही बँका देण्यापेक्षा जास्त आलेली रक्कम परत पाठवतात. काहींच्या यंत्रणेत पैसे जमा दिसतात, तरी मूळ लिमिटच्या वरचा व्यवहार मंजूर होत नाही. काळा पैसा फिरवायला कार्डाचा वापर होऊ नये म्हणून बँका या बाबतीत सावध असतात.

कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करा. इंटरनेटवर शोधून मिळालेला 'कस्टमर केअर' नंबर लावू नका, त्यात चोरांचे नंबर मिसळलेले असतात. फोनवर हे चार प्रश्न विचारा:

"माझ्या कार्डावर देण्यापेक्षा जास्त रक्कम भरली तर चालते का? किती?"

"तेवढ्या रकमेने उपलब्ध लिमिट वाढते का, आणि मूळ लिमिटपेक्षा मोठा एकच व्यवहार मंजूर होतो का?"

"या दुकानातून अमुक तारखेला अमुक रकमेची खरेदी करणार आहे, तुमच्याकडे नोंद होईल का?"

"खरेदी झाली नाही तर जास्तीचे पैसे माझ्या बचत खात्यात परत मिळतात का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं तर पैसे भरू नका. तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण दर महिन्याला दोन-तीन हजारांचं वाणसामान आणि पेट्रोल घेणाऱ्या कार्डावर अचानक ७४ हजारांचा व्यवहार आला तर बँकेची यंत्रणा संशयाने तो अडवू शकते. बोलणाऱ्याचं नाव, तारीख आणि विनंती क्रमांक वहीत लिहून ठेवा. जमलं तर हेच प्रश्न ॲपमधल्या चॅटवर किंवा ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

हिशेब: इथे घाई नको

किंमत ७४ हजार, लिमिट ५० हजार, म्हणजे २४ हजार जास्त भरले की झालं, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी केंद्रासाठी झेरॉक्स मशीन घ्यायला यवतमाळला गेलो होतो. कार्डाचं लिमिट ६०,०००, मशीन ८२,००० चं. मी आदल्या दिवशी बरोबर २२,००० भरले. दत्त चौकातून दुकानात पोचलो, पिन टाकला, मशीनवर 'डिक्लाइन'. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मोबाइलवर ॲप उघडून पाहिलं तर उपलब्ध ७७,७०० दिसत होते. त्याच महिन्यात कागदाच्या रिमा आणि टोनर घेतले होते, त्याचे ४,३०० अजून बिलात आले नव्हते पण लिमिटमधून कापले गेले होते. खात्यात एक रुपया शिल्लक ठेवला नव्हता, सगळं कार्डात ओतलं होतं. शेवटी मेव्हण्याकडून ४,३०० मागवले, दुकानदाराने ७७,७०० स्वाईप केले आणि मशीन घेऊन निघेपर्यंत आमच्या गावाची शेवटची एसटी गेली होती. रात्री मशीनजवळ बसस्टँडवर बसून राहिलो तेव्हा हा हिशेब डोक्यात पक्का बसला.

तो असा. मूळ लिमिट विसरा. बिलावरचा आकडाही विसरा. ॲपमध्ये आत्ता 'उपलब्ध लिमिट' किती दिसते एवढंच पाहा. वस्तूच्या किमतीतून ती वजा करा. जे उरतं तेवढे भरायचे.

काकांच्या कार्डावर ९,००० चं बिल आलेलं होतं आणि त्यानंतरचा ३,००० चा खर्च बिलात यायचा होता. म्हणजे १२,००० वापरलेले, उपलब्ध ३८,०००. लॅपटॉप ७४,०००. भरायचे ३६,०००. नुसते २४ हजार भरले असते तर उपलब्ध ६२ हजार झाले असते आणि १२ हजार कमी पडले असते. चालू ईएमआय असेल तर त्याने अडवलेली रक्कमही या उपलब्ध लिमिटमधून आधीच वजा झालेली असते, म्हणून वेगळा हिशेब करावा लागत नाही.

आता किमतीचा आकडा खरा कोणता, ते दुकानदाराला विचारा. यात दोन फसवे खड्डे आहेत. पहिला सुटीचा. लॅपटॉपची किंमत ८०,००० आणि सूट ६,०००. ही सूट स्वाईप करतानाच कापली जाते की नंतर कॅशबॅक म्हणून कार्डावर येते? लगेच कापली जात असेल तर कार्डावर ७४,००० पडतील. कॅशबॅक असेल तर आधी पूर्ण ८०,००० पडतील आणि तुम्हाला ४२,००० भरावे लागतील. दुसरा खड्डा स्वाईप चार्जचा. काही दुकानदार क्रेडिट कार्डावर वर दोन टक्के मागतात. ७४ हजारांवर ते १,४८० होतात. तुमचा हिशेब तिथेच कोलमडतो आणि सुटीचा चौथा हिस्साही जातो. 'स्वाईपचे वेगळे पैसे लागतील का' हे गावातून निघायच्या आधी फोनवर विचारा, आणि लागत असतील तर दुसरं दुकान पाहा.

शेवटी पाचशे रुपये वरचे ठेवा. काकांनी ३६,५०० भरले. त्याहून जास्त टाकू नका. 'राहू दे, पुढे कामी येईल' म्हणून लाखभर भरणारे मी पाहिले आहेत. गरजेपेक्षा मोठी रक्कम पडून राहिली की बँकेच्या नजरेत येते, व्याज तर नाहीच, आणि कार्ड चोराच्या हाती लागलं तर बँकेच्या उधारीऐवजी तुमचे घामाचे पैसे जातात.

पैसे कसे भरायचे

कार्डाच्या बँकेचं स्वतःचं ॲप हा सगळ्यात सुरक्षित रस्ता. तिथे 'इतर रक्कम' असा पर्याय असतो, त्यात ३६,५०० लिहा. यूपीआय ॲपमधून क्रेडिट कार्ड बिल म्हणूनही भरता येतं. मात्र काही ॲप बिलापेक्षा जास्त आकडा टाकू देत नाहीत. तसं झालं तर त्या ॲपशी झगडत बसू नका, बँकेच्या ॲपवर या किंवा एनईएफटी करा. एनईएफटीमध्ये खाते क्रमांकाच्या जागी कार्डाचा पूर्ण क्रमांक आणि बँकेने कार्डासाठी दिलेला आयएफएससी कोड टाकायचा असतो. हा कोड बँकेच्या ॲपमधून किंवा स्टेटमेंटवरून घ्या, कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेला घेऊ नका.

एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस, सुटीच्या दिवशीही चालते. क्रेडिट कार्डाच्या बिलासाठी यूपीआयची मर्यादा १५ सप्टेंबर २०२५ पासून एका व्यवहाराला ५ लाख झाली आहे, पण तुमची बँक त्याहून कमी ठेवू शकते. जिल्हा बँकेचं किंवा पतसंस्थेचं खातं असेल तर तिथून यूपीआय होतं की नाही आधी पाहा. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचे जुने खातेदार आता महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आहेत, विलीनीकरण १ मे २०२५ ला झालं. तुमचं खातं तिथलं असेल तर यूपीआय ॲपला ते नीट जोडलेलं आहे का, हे शंभर रुपये पाठवून तपासा. ऐन खरेदीच्या दिवशी कळून उपयोग नाही.

रोखीने भरू नका. रोख भरण्याला बऱ्याच बँका शुल्क लावतात, आणि वर्षात कार्डाचा १ लाख किंवा त्याहून जास्त भरणा रोखीत झाला तर त्याची माहिती आयकर विभागाला जाते. बाकी मार्गांनी हा आकडा १० लाखांचा आहे. मित्राच्या, नातेवाइकाच्या खात्यातूनही भरू नका. जिथून भरायचं ते खातं तुमच्याच नावाचं असावं, म्हणजे बँकेने विचारलं तर उत्तर सोपं असतं: कापूस विकला, हा चुकारा.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बिल आपोआप कापायची सोय, म्हणजे ऑटो-पे, लावलेली असेल तर ती पाहा. काकांचं ९,००० चं बिल दुसऱ्या दिवशी कापलं जाणार होतं. त्यांनी ३६,५०० भरल्यावरही ते ९,००० पुन्हा कापले गेले असते. ते बुडत नाहीत, कार्डावरच जमा होतात, पण बचत खातं रिकामं होतं आणि दुसरा एखादा हप्ता परत जातो. पैसे कापले जायच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी ऑटो-पे थांबवा किंवा तारीख उलटून जाऊ द्या.

दिसेपर्यंत थांबा

यूपीआयने भरलेले पैसे कधी दहा मिनिटांत दिसतात, कधी दोन दिवस घेतात. मेसेज आला 'पेमेंट मिळाले', एवढ्यावर निघू नका. ॲप उघडा, उपलब्ध लिमिट ७४,५०० झाली का पाहा. काकांनी सोमवारी भरले, सोमवारी रात्री मेसेज आला, उपलब्ध लिमिट मात्र बुधवारी सकाळी वाढली. ते मंगळवारी गाडी करून निघणार होते.

दोन दिवसांनंतरही उपलब्ध आकडा ५०,००० वरच अडकलेला दिसला तर बँकेला फोन करा. काही ॲप वरची रक्कम दाखवत नाहीत पण व्यवहार मंजूर करतात, काही खरंच करत नाहीत. हे फोनवरच कळेल.

याच वेळात कार्डाची सेटिंग पाहून घ्या. १ ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक कार्डाला ही सोय आहे: दुकानातले व्यवहार, ऑनलाइन व्यवहार, नुसतं टेकवून होणारे व्यवहार, परदेशातले व्यवहार हे वेगवेगळे चालू-बंद करता येतात आणि प्रत्येकाची रकमेची मर्यादा ठरवता येते. नवीन कार्डावर ऑनलाइन व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. दुकानातल्या व्यवहाराची मर्यादा २५ हजारांवर ठेवलेली असेल तर कार्डात लाख रुपये असले तरी ७४ हजार जाणार नाहीत. ती ७५ हजार करा. परदेशातले व्यवहार बंदच राहू द्या. पिन आठवत नसेल तर घरीच नवीन बनवा. ५,००० च्या वर पिन लागतोच.

दुकानात

दुकानदाराला आधी सांगा, 'एकाच स्वाईपमध्ये पूर्ण रक्कम, ईएमआय नको'. काही सवलती फक्त ईएमआयवर असतात, आणि ईएमआय मूळ लिमिटच्या हिशेबाने मंजूर होतो, तिथे तुमचे भरलेले पैसे कामी येतीलच असं नाही. मशीनवर आकडा तुम्ही स्वतः वाचा, मग पिन टाका. नाकारलं गेलं तर पुन्हा पुन्हा टाकू नका. बाहेर येऊन बँकेला फोन करा, बहुतेक वेळा त्यांनी संशयाने अडवलेलं असतं आणि 'हा व्यवहार मीच करतोय' असं सांगितल्यावर सुटतं. फोन चार्ज ठेवा. ऑनलाइन घेत असाल तर ओटीपी लागतो. आमच्या गावात घरात रेंज नसते, लोक पाण्याच्या टाकीजवळ उभे राहतात. ओटीपी येईपर्यंत वेळ संपतो. म्हणून ऑनलाइन खरेदी तालुक्याला किंवा जिथे टॉवर चांगला आहे तिथेच करा.

खरेदी झाल्यावर

काकांच्या कार्डावर आता किती देणं राहिलं? आधीचे १२,०००, भरले ३६,५००, म्हणजे २४,५०० जमा. त्यातून ७४,००० ची खरेदी. देणं ४९,५००. लिमिट जवळजवळ पूर्ण भरली.

बिलाच्या शेवटच्या तारखेपर्यंत हे ४९,५०० पूर्ण भरले तर व्याज नाही. फक्त 'किमान रक्कम' भरली तर व्याज लागतं, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. पूर्ण रकमेवर ते पहिल्याच महिन्यात सतराशेच्या वर, अधिक जीएसटी. चार महिन्यांत सहा हजारांची सूट पुरती गेली. आणि मागची बाकी असताना नवीन खर्चावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं. मी काकांना म्हटलं, "काका, पैसे खात्यात आहेतच ना? मग तारखेची वाट कशाला? व्यवहार पक्का दिसला की भरून टाका." त्यांनी चौथ्या दिवशी भरले. याचा दुसराही फायदा आहे. बिल बनतं त्या दिवशी लिमिट गच्च भरलेली दिसली तर सिबिल स्कोअरवर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणाऱ्या आकड्यावर, परिणाम होतो. पुढे ट्रॅक्टरचं कर्ज मागायला जाल तेव्हा तोच स्कोअर बघतात.

खरेदी रद्द झाली, पैसे उरले तर

भरलेले पैसे कार्डावर राहिले तर पुढच्या खर्चात आपोआप वळते होतात. रक्कम मोठी असेल तर बचत खात्यात परत मागा. अशी मागणी केल्यावर ३ कामकाजाच्या दिवसांत पैसे खात्यात द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एटीएममधून क्रेडिट कार्डाने काढू नका, आपलेच पैसे असले तरी नगद काढण्याचं शुल्क लागू शकतं.

वस्तू परत केली आणि दुकानाकडून पैसे कार्डावर आले, तर वेगळा नियम आहे. तुम्ही बिल आधीच भरलेलं असेल आणि परत आलेली रक्कम लिमिटच्या १ टक्का किंवा ५,००० यांपैकी जे कमी त्याहून जास्त असेल, तर ती कार्डावरच ठेवायला बँकेने सात दिवसांत तुमची संमती मागितली पाहिजे. ५० हजारांच्या लिमिटला हा आकडा फक्त ५०० होतो. तुम्ही उत्तर दिलं नाही तर पैसे बँक खात्यात पाठवायचे असतात. असा मेसेज आला तर तो फसवा समजून पुसून टाकू नका, पण त्यातल्या लिंकवरही जाऊ नका. बँकेचं ॲप उघडून तिथे पाहा.

आणि या सगळ्या काळात एखादा फोन येईल, 'तुमच्या कार्डाची लिमिट वाढवून देतो, ओटीपी सांगा'. किंवा पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एखादी एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) येईल. कार्डात तुमचे २४ हजार पडलेले असताना असा ओटीपी दिला तर नुकसान थेट तुमच्या खिशाचं आहे. असं काही झालंच तर आधी कार्ड ॲपमधून बंद करा, मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. घरच्यांना सांगायला लाजून रात्र घालवू नका. पहिल्या तासा-दोन तासांतच पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

बँक पैसे परत देत नसेल, संमतीशिवाय ओव्हरलिमिटचं शुल्क लावलं असेल, तर लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, त्यांच्या सीएमएस पोर्टलवर. कागद जोडायला जमत नसेल तर जवळच्या सेवा केंद्रात स्टेटमेंट आणि तक्रार क्रमांक घेऊन जा. नुसती माहिती हवी असेल तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा नंबर लावा, तिथे मराठीतही बोलता येतं.